तपासून झालंय

३ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार

दादा,

वर काय लिहावं यात अर्धा तास गेला, म्हणून नुसतं दादा. पत्ता वहिनीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला अगदी भंडावून सोडलं होतं. चार वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस. पत्र मात्र आलं की निदान उचलून टेबलावर तरी ठेवावं लागतं, एवढीच माझी आशा.

मी सध्या टीव्हीवरच्या त्या धंद्याच्या स्पर्धेत आहे. हसू नकोस. आल्या दिवशी आमचे फोन काढून घेतले. घरी पत्र लिहायची मुभा आहे, पण पाकीट उघडं द्यायचं. प्रॉडक्शनच्या ताई आधी वाचतात आणि मग चिकटवतात. (ताई, वाचताय ना? चहात साखर जरा कमी घालायला सांगा.)

आम्ही बारा जण. एका बंद पडलेल्या ऑफिसच्या दोन मजल्यांवर आम्हाला ठेवलंय. जिथे फायली असायच्या तिथे आमच्या खाटा. खिडक्या उघडत नाहीत. खरं नाव इथे कुणीच घेत नाही, ज्याचा जो धंदा तीच त्याची हाक. मी शिडीवाली. माझ्या टीममध्ये एक अत्तरवाला आहे. तो बोलायला लागला की समोरचा मान डोलवत बसतो. एक मास्तर आहेत. शाळा सोडून त्यांनी मुलांचे खेळ बनवायला घेतलेत. आणि एक चष्मेवाली, जेमतेम तेवीस वर्षांची. तिचं आणि तिच्या आईचं चष्म्यांचं छोटं दुकान आहे.

दर आठवड्याला एक काम देतात. प्रत्येक टीमचा एक लीडर. जी टीम हरते ती मोठ्या साहेबांसमोर बसते, आणि चूक कुणाची ते ठरून एक जण घरी जातो. जो शेवटी उरेल त्याचा माल साहेबांच्या दोनशे दुकानांत लागेल. दोनशे दुकानांत आपल्या शिड्या, दादा. बाबांना दोनशे शिड्या विकायला पहिली दोन वर्षं लागली होती.

फॉर्मवर लिहिलंय, ‘वडिलांचा कारखाना, सध्या मी एकटी चालवते. भाऊ काही कारणाने बाजूला झाला.’ रकान्यात जागाच तेवढी होती.

आई बरी आहे. मावशी तिच्या सोबतीला आलीय.

तुझी धाकटी


११ फेब्रुवारी, बुधवार, दोन शूटिंगच्या मध्ये

दादा,

काल मास्तर गेले.

काम होतं मैदानाबाहेर फळांचा रस विकायचं. मास्तर लीडर होते. सगळं होतं, गाडी, फळं, पेले, पाट्या. बर्फ नव्हता. भर दुपारी कोमट रस कोण पिणार? तीन पेले विकले, त्यातला एक अत्तरवाल्यानेच घेतला होता.

मग ती खोली. लांब टेबल, पलीकडे मोठे साहेब, आणि खोलीत इतका गार वारा की बोलताना दात वाजतात. साहेबांनी विचारलं, “बर्फ कुणी सांगायचा होता?”

अत्तरवाला म्हणाला, “सर, तो सांगायचा राहून गेला.”

“कुणाकडून?”

“टीमकडून, सर.”

तू इथे असतास तर तुला मजा आली असती. या खोलीत ‘मी’ म्हणून कुणी बोलतच नाही. बर्फ राहून जातो. पाट्या उलट्या लागतात. वेळ निघून जाते. जणू आम्ही सगळे कडेला उभे होतो आणि सगळं आपलं आपणच घडत होतं. मास्तर बिचारे एकटेच म्हणाले, “मी लीडर होतो, माझ्या लक्षात यायला हवं होतं.” झालं, साहेबांना हवं ते मिळालं. मास्तरांनी बॅग भरली आणि जाताना सगळ्यांशी हात मिळवले.

मला विचारलं तेव्हा मी काय म्हणाले सांगू? “मला सांगितलं असतं तर मी आणला असता, सर.” वाक्य बघ किती धुतल्यासारखं आहे. साहेबांनी मान डोलवली. नंतर अत्तरवाला हळूच म्हणाला, “शिडीवाली, तुम्ही भारी बोलता हो. कुठे शिकलात?”

मी हसले. कुठे शिकले ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. इथे नको.

बोलावणं आलं. जाते.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

थोडक्यात लिहिते.

या वेळी एका हॉस्पिटलसाठी हजार पाण्याच्या बाटल्या छापायच्या होत्या. त्यांच्याकडे चालण्याची स्पर्धा होती. बाटलीवर मदतीचा फोन नंबर छापायचा, म्हणजे चालताना कुणाचा गुडघा दुखला, कुणाला चक्कर आली, तर तिथे फोन करायचा. नंबरातला एक आकडा चुकला. दोन दिवस सगळे फोन एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरी जात होते. त्यांनी एकूण सत्तर फोन घेतले आणि प्रत्येकाला शांतपणे सांगितलं की सावलीत बसा, पाणी प्या, बुटाची नाडी सैल करा. कुणाला वाईट काही झालं नाही, देवाची कृपा. त्यांना स्टुडिओत आणलं तेव्हा ते म्हणाले, “मला काय, बऱ्याच दिवसांनी फोन वाजला.” सगळे खूप हसले.

मग खोलीत गेलो. नमुना कुणी तपासला हा प्रश्न होता. कामाच्या शीटवर ‘नमुना तपासला’ यापुढे चष्मेवालीची टिक होती. तिला जावं लागलं.

मुलगी चांगली होती. पण शीटवर टिक तिची होती.

बस, एवढंच.


२० फेब्रुवारी, शुक्रवार, जिन्यात

दादा,

हे पत्र मेकअप करणाऱ्या बाईंच्या हाती देतेय. त्या बाहेर जाऊन पेटीत टाकतील. ताई हे वाचणार नाहीत, म्हणून आता सरळ लिहिते. कालचं पत्र फाडून टाक.

नमुना मी बघितला होता. गाडीत, तिच्या शेजारी बसून. छापखानेवाल्याने आम्हाला कामापुरत्या दिलेल्या फोनवर चित्र पाठवलं, आणि पलीकडून तो ओरडत होता, “पाच मिनिटांत सांगा नाहीतर मशीन दुसऱ्याला देतो.” मी वरवर बघितलं. रंग बघितला, साहेबांच्या दुकानाचं चिन्ह बघितलं. नंबर वाचला नाही. म्हणाले, “हो, टाका.” चष्मेवालीच्या मांडीवर शीट होती. तिने विचारलं, “ताई, नंबर जुळवून घेऊ का? कागद माझ्या पिशवीत आहे.” मी म्हणाले, “तपासून झालंय. तू टिक कर.”

तिने टिक केली. मोठ्या बहिणीने सांगितल्यावर करतात तशी.

खोलीत साहेबांनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, “शीट बघा ना सर, टिक कुणाची आहे.” दादा, एकही शब्द खोटा नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं. रडली नाही, भांडली नाही. नुसती बघत राहिली. मग साहेबांकडे वळून म्हणाली, “टिक माझी आहे, सर.”

तेव्हापासून मी बसू शकत नाहीये. खाटेवरून उठते, खिडकीपर्यंत जाते, खिडकी उघडत नाही, परत येते. जेवणाचं ताट घेते आणि उभीच खाते. आज सकाळपासून हा जिना सात वेळा चढले-उतरले. सुरक्षारक्षक म्हणाला, “मॅडम, काही हरवलंय का?”

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ते तोंडाने कधीच म्हटलेलं नाही.

चार वर्षांपूर्वीच्या त्या शिड्यांच्या खेपेत सांधे जोडायचे रिव्हेट नवीन आले होते. प्रत्येक खेपेतली एक शिडी वाळूच्या पोत्यांखाली रात्रभर ठेवायची हा बाबांचा नियम. ते काम माझं होतं. मी ते केलं नाही. गाडी दारात उभी होती, रंगाऱ्याचे दोन फोन येऊन गेले होते. तू बाहेरगावी होतास, आल्या आल्या कागद पुढे केले आणि तुला म्हणाले, “तपासून झालंय, सही कर.” तू सही केलीस. सहाव्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून रंगारी खाली आला. शिडीचा पाय सांध्यातून निखळला होता.

चौकशीत त्या अधिकाऱ्याने विचारलं, “तपासणी कुणी केली?” आणि मी म्हणाले, “कागदावर सही दादाची आहे.”

तूही असाच बघत राहिला होतास. नंतर म्हणालास, “हो. सही माझी आहे.” पाच वर्षं कुठल्याच कारखान्यात जबाबदारीच्या जागी बसायचं नाही, असा तुझ्यावर हुकूम निघाला. कारखाना माझ्या नावावर झाला. आणि तू दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये नट पिळायला गेलास. बाबांनी ज्याच्या हातात पाना दिला तो तू.

मी आईला सांगितलं, दादा तापट आहे, रागाने गेला. आई अजून तेच धरून बसलीय. दर दिवाळीला तू आला नाहीस की मीच तिला पुन्हा तेच... नको, ते तोंडानेच सांगेन.

मेकअपवाल्या बाई घाई करतायत.


२५ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

हेही त्याच बाईंच्या हाती.

इथे नवीनच टूम निघालीय. साहेब मागच्या वेळी म्हणाले होते, “मला चूक कबूल करणारा माणूस आवडतो.” झालं. आता सगळे कबूल करत सुटलेत. अत्तरवाला सकाळी आरशासमोर उभा राहून म्हणून बघतो, “सर, याची संपूर्ण जबाबदारी मी घेतो.” एकदा ‘संपूर्ण’वर जोर, एकदा ‘मी’वर. मला विचारलं, कुठलं बरं वाटतं? मी विचारलं, “कशाची जबाबदारी घेताय?” म्हणाला, “ते काम बघून ठरवू.”

काल मी प्रॉडक्शनच्या ताईंना गाठलं. म्हणाले, बाटल्यांचा नमुना मी पास केला होता, मला साहेबांना सांगायचंय. त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

“आत्ता नको,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या भागात सांगा. चष्मेवालीला पण बोलावू. तुम्ही तिची माफी मागा, ती तुम्हाला मिठी मारेल. अहो, तुम्ही जिंकाल.”

दादा, तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते. मला मोह झाला. चांगला तासभर मी दोनशे दुकानांत शिड्या लावत बसले होते. पिवळ्या रंगाच्या, तीन पायऱ्यांच्या, दाराशीच. मिठी मारताना चेहरा कसा दिसेल तेसुद्धा बघून झालं माझं.

मग जेवायला गेले तर अत्तरवाला समोर बसून ‘संपूर्ण’ म्हणत होता. मी ताट बाजूला सरकवलं.

रविवारी पुढचा निकाल आहे. आम्ही हरलो तर कबूल करणं म्हणजे साहेबांना आवडेल तेच बोलून स्वतःला वाचवणं, त्यात काय मोठेपणा? आम्ही जिंकलो तर बोलेन. जिंकल्यावर त्या खोलीत कुणी काही विचारत नाही. तेव्हा माझ्या बोलण्याचा मला काडीचा उपयोग नसेल. एवढी एकच वाट मला दिसतेय.

बोलेन की नाही माहीत नाही.


२ मार्च, सोमवार, बस स्टँड

दादा,

आम्ही जिंकलो. आणि मी बोलले.

साहेब आमचं कौतुक करत होते. मी मध्येच उठले. कॉलरला लावलेला माइक खुर्चीत अडकला, तो सोडवण्यातच अर्धा धीर गेला. म्हणाले, “सर, बाटल्यांचा नमुना मी पास केला होता. चष्मेवाली नंबर जुळवायला निघाली होती, मी तिला थांबवलं. टिक करायला मीच सांगितलं. तिला घरी पाठवलंत ते माझ्यामुळे.”

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, “तो विषय झालाय. आज तुमची टीम जिंकलीय. बसा.”

“बसत नाही सर. मी जाते.”

अत्तरवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. खरं सांगू, त्याला वाटलं मी त्याची चाल चोरली.

ताई बाहेर येऊन खूप रागावल्या. करार दाखवला. पुन्हा कुठल्याही स्पर्धेत उभी राहणार नाही यावर सही घेतली. मी विचारलं, मी बोलले ते दाखवाल ना? त्या म्हणाल्या, “जागा असली तर.” म्हणजे नाहीच. तिची टिक दाखवतील, माझं बोलणं कापतील. फोन परत दिला तेव्हा त्यात आईचे एकतीस मिस्ड कॉल.

तिथून थेट चष्मेवालीच्या गावी गेले. दुकान म्हणजे एक काउंटर, एक आरसा आणि भिंतभर फ्रेमा. ती एका आजींच्या चष्म्याची नाकाची पट्टी बसवत होती. मला बघितलं, ओळखलं, आणि काम चालूच ठेवलं. मी उभी राहिले. आजी तीनदा चष्मा घालून काढून बघत होत्या. सगळं मनासारखं होऊन त्या गेल्यावर ती म्हणाली, “बोला.”

मी सगळं सांगितलं. माफी मागितली. ती पुसायचं फडकं घडी करत होती, उलगडत होती.

“मी तेव्हा गप्प का बसले ठाऊक आहे?” ती म्हणाली. “मला वाटलं तुम्ही बोलाल. मी तुमच्याकडे बघत होते ना, वाट बघत होते. साहेब पुढे बोलायला लागले तरी मला वाटत होतं, आता बोलतील ताई.”



“महिन्याभराने तो भाग लागेल,” ती पुढे म्हणाली. “लोक दुकानात येऊन म्हणतील, हिला साधे आकडे तपासता येत नाहीत, ही डोळ्यांचे नंबर काय बघणार? तेव्हा मी काय सांगू? तुमची माफी दाखवू?”

तिची आई आतून आली. मला चहा विचारला नाही, आणि बरोबरच केलं. मी तिथेच कागद मागितला. काय झालं ते सहा ओळींत लिहिलं, सही केली, खाली माझा नंबर. म्हणाले, “हा काउंटरवर लाव. ज्याला खात्री करायची त्याने मला फोन करावा. कारखान्याच्या वेळेत, कधीही.” तिने कागद घेतला, पिशवीतून पेन काढलं आणि म्हणाली, “नंबर वाचून दाखवा. एकेक आकडा.” मी वाचला. तिने पुन्हा वाचून घेतला.

मग कागद काचेखाली सरकवला. हसली वगैरे नाही.

आता बस लागतेय. घरी जातेय. आईला आज सांगणार.


९ मार्च, सोमवार

दादा,

आईला सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली, निवडलेलीच पुन्हा. मग म्हणाली, “म्हणजे चार वर्षं मी पोराला तापट म्हणत होते.” त्यानंतर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने वहिनीला फोन केला. काय बोलल्या ते मला सांगितलेलं नाही, तुला कळलंच असेल.

गुरुवारी रंगाऱ्याकडे गेले. चार वर्षांत त्याच्या गल्लीत पाय टाकला नव्हता. तो आता उंचावर चढत नाही. घरी बसून पाट्या रंगवतो. एक पाय लांब सोडून बसावं लागतं. मी उंबऱ्यातच उभी राहून सांगितलं की तपासणी माझ्याकडे होती, मी ती केली नव्हती, आणि खोटं सांगून दादाची सही घेतली होती.

त्याने ब्रश पाण्यात बुचकळला, डब्याच्या काठाला निथळला.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

मला वाटलं तू सांगितलंस. तो म्हणाला, “तुझा दादा दोनदा येऊन गेला, पण त्याने तुझं नाव काढलं नाही. अगं, शिडी पोचवायला तूच आली होतीस ना? मी विचारलं होतं, बघून घेतलीय ना नीट? तू म्हणालीस, हो, तपासून झालंय. आणि मग तू शिडीकडे न बघता गाडीकडे बघितलंस. घाईत होतीस.”

“मग चौकशीत सांगितलं का नाहीत?”

“मला कुणी विचारलंच नाही. मी हॉस्पिटलात होतो. कागद आणून दाखवले, सही कुणाची ते सांगितलं, अंगठा घेतला.”

दादा, मला ते बोलणं आठवतही नव्हतं. मी ते पार पुसून टाकलं होतं. पडला तो माणूस मात्र चार वर्षं ते जपून बसला होता. मी म्हणाले, मी हे लिहून देणार आहे, तुम्ही याल का? तो म्हणाला, “रिक्षा दारापर्यंत आणलीस तर येईन. बसमध्ये मला चढवत नाही.” माफ केलं असं काही म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

आज आम्ही दोघं कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात गेलो. कारकुनाने फाइल शोधायलाच तास घातला. वरची धूळ झटकत म्हणाला, “बाई, हे प्रकरण बंद झालंय. एक वर्ष राहिलंय तुमच्या भावाचं. कशाला उकरताय? तुमचाच परवाना अडकेल.”

“अडकू दे,” मी म्हणाले.

“कारखान्यात माणसं किती?”

“नऊ.”

“त्यांचं काय?”

त्यांना मी शनिवारी सांगितलं होतं. जुने फिटर काका म्हणाले होते, “आम्हाला तेव्हाच शंका आली होती, पोती जागची हललीच नव्हती.” दोघांनी दुसरीकडे काम बघायला सुरुवात केलीय. मी त्यांना अडवू शकत नाही. कारकुनाला म्हणाले, “त्यांचंही मलाच बघायचंय.”

मग त्याने जबाब लिहून घेतला. आधी माझा, मग रंगाऱ्याचा. लिहिताना त्याने ‘तपासणी राहून गेली’ असं लिहिलं. मी ते खोडायला लावलं. ‘तपासणी मी केली नाही’ असं लिहून घेतलं. त्याला कंटाळा आला होता, पण त्याने लिहिलं. दोन प्रतींवर शिक्का मारून घेतला. एक सोबत जोडलीय.

पुन्हा सुनावणी होईल. तारीख सव्वीस. निकाल काय लागेल सांगता येत नाही. कारकून म्हणाला, तुझ्यावरचा हुकूम बहुतेक उठेल. माझं काय ते तेव्हा कळेल. जे होईल ते घेईन. कारखान्याच्या किल्ल्या आईकडे दिल्यात.

तू मला उत्तर लिहावंस, माफ करावंस, परत यावंस, यातलं काहीही मागायला हे पत्र नाही. सुनावणीलाही आलं पाहिजेस असं नाही, कारकुनाला मी ते विचारून घेतलंय.

फक्त एक सांगून ठेवते. येत्या आठवड्यात तुझ्या पत्त्यावर सरकारी पाकीट येईल, चार वर्षांपूर्वी आलं होतं तसंच खाकी, तसाच शिक्का. वहिनी घाबरेल. तिला आधीच सांग, घाबरायचं कारण नाही. या वेळी तुझं नाव साक्षीदारांच्या यादीत आहे.

तुझी धाकटी